मुख्यमंत्र्याची म्हणून वेगळी पाच वर्षं नसतात

स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी राज्यघटना शिकवते. परवा एका विद्यार्थिनीची वही तपासताना हिरव्या शाईने आखलेली एक चौकट दिसली. आत पाच वाक्यं होती. महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला, त्याआधी आपल्याकडे मुख्यमंत्री नव्हते, सगळा कारभार गव्हर्नरचा. मुख्यमंत्र्याला जनता निवडून देते, आमदार नसलेला मुख्यमंत्री घटनाबाह्य. त्याची मुदत पाच वर्षांची, ती आजवर फक्त दोघांनी पूर्ण केली, बाकीचे नापास. उपमुख्यमंत्री हे घटनेतलं दुसऱ्या क्रमांकाचं पद, मुख्यमंत्री गेला की आपोआप तोच मुख्यमंत्री. आणि राज्यपालांच्या मनात आलं की ते मुख्यमंत्र्याला घरी पाठवू शकतात.

वाक्यं ओळखीची होती. हाच मजकूर मला व्हॉट्सअॅपवर चार-पाच गटांतून आलेला आहे, खाली ‘प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोहोचवा’ या आवाहनासकट. तोवर मी तो वाचून पुढे जात होते. पण वहीत उतरलेली चूक उद्या उत्तरपत्रिकेत जाते आणि परवा मतदान करणाऱ्याच्या डोक्यात पक्की बसते. म्हणून एकेक वाक्य घेते.

पहिलं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते आपला निम्मा इतिहास पुसून टाकतं. यशवंतराव चव्हाण हे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, यात वादच नाही. पण १ मे १९६० च्या सकाळी ते त्या पदावर नव्याने आले नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ पासून ते द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होतेच. त्यांच्या आधी १९५२ पासून मोरारजी देसाई, आणि त्यांच्या आधी बाळासाहेब खेर. खेरांची कारकीर्द तर थेट १९३७ पर्यंत मागे जाते. ब्रिटिशांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांना स्वायत्तता दिली, निवडणुका झाल्या, काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली. पण गव्हर्नरच्या खास अधिकारांवरून तिने सुरुवातीला सत्ता घेतली नाही. म्हणून एप्रिल ते जुलै १९३७ असे तीनेक महिने साताऱ्याचे धनजीशा कूपर यांनी अल्पमतातलं सरकार चालवलं. त्यानंतर खेर आले. पदाचं इंग्रजी नाव तेव्हा ‘प्राइम मिनिस्टर’ होतं. ‘मुख्यमंत्री’ हे नाव स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने दिलं. आणि खेरांच्या समोरच्या बाकांवर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसत. खोती पद्धत (कोकणातली जमीनदारी) रद्द करण्याचं विधेयक त्यांनी मांडलं ते याच विधानसभेत. हे सगळं ‘कारभार गव्हर्नरचा’ या तीन-चार शब्दांत कसं मावणार?

शिवाय ही झाली फक्त मुंबईची परंपरा. विदर्भातली माणसं तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत-वऱ्हाडात होती. तिथे १९३७-३८ मध्ये डॉ. ना. भा. खरे सरकारचे प्रमुख होते, त्यांच्यानंतर रविशंकर शुक्ल. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. तिथे १९५२ ते १९५६ बी. रामकृष्ण राव मुख्यमंत्री होते. म्हणजे नांदेडच्या, अमरावतीच्या आणि पुण्याच्या माणसाचा ‘पहिला मुख्यमंत्री’ वेगवेगळा निघतो. १९६० मध्ये हे तीन प्रवाह एका राज्यात कायमचे एकत्र आले. राज्य नवं होतं, पद जुनं होतं.

व्हॉट्सअॅपवरच्या त्या निरोपात खरं आहे ते एवढंच, की नोव्हेंबर १९३९ मध्ये, भारताला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि १९४६ पर्यंत मुंबई प्रांतात खरोखरच गव्हर्नरची राजवट होती. मधल्या सहा-साडेसहा वर्षांवरून मागचंपुढचं सगळं तसंच ठरवून टाकलं आहे.

आता जनता निवडते हा मुद्दा. मतदानयंत्रासमोर उभं राहिल्यावर काय दिसतं ते आठवून पाहा. उमेदवाराचं नाव, त्याचा फोटो, त्याचं चिन्ह, शेवटी ‘नोटा’. मुख्यमंत्र्यासाठी वेगळं बटण नसतं. आपण आमदार निवडतो, आणि ज्याच्यामागे विधानसभेचं बहुमत उभं राहतं त्याला राज्यपाल नेमतात. कलम १६४ मध्ये शब्द ‘नियुक्ती’चा आहे. शिवाय सभागृहाचा सदस्य नसलेली व्यक्तीही मंत्री होऊ शकते, हे त्याच कलमात लिहिलं आहे. अट एवढीच, की सहा महिन्यांच्या आत तिने विधानसभेत किंवा विधान परिषदेत निवडून वा नियुक्त होऊन आलं पाहिजे. मुख्यमंत्रीही याला अपवाद नाही.

मोरारजी देसाई १९५२ ची निवडणूक हरले होते आणि तरीही मुख्यमंत्री झाले. २०१० मध्ये पृथ्वीराज चव्हाण आले तेव्हा ते राज्यसभेचे खासदार होते. पुढे विधान परिषदेवर गेले. उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ ला शिवाजी पार्कवर शपथ घेतली तेव्हा ते कोणत्याच सभागृहात नव्हते. त्यांची सहा महिन्यांची मुदत मे २०२० अखेरीस संपत होती आणि नेमक्या त्याच वेळी करोनामुळे विधान परिषदेची निवडणूक लांबणीवर पडली. मंत्रिमंडळाने आधी राज्यपालनियुक्त जागेवर त्यांची शिफारस केली, ती काही मार्गी लागली नाही. शेवटी निवडणूक आयोगाने निवडणुकीला परवानगी दिली, सगळ्या जागा बिनविरोध झाल्या आणि मुदत संपायला जेमतेम दहा दिवस उरले असताना त्यांनी आमदारकीची शपथ घेतली. ती धावपळ कलम १६४ मधल्या एका ओळीमुळे होती. आमदार नसलेला मुख्यमंत्री घटनाबाह्य असता, तर मुदत मोजायचा प्रश्नच आला नसता. एक मात्र सांगायला हवं: ही सवलत पुन्हा पुन्हा वापरता येत नाही. सहा महिने भरत आले की राजीनामा द्यायचा आणि निवडून न येता लगेच परत शपथ घ्यायची, ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये पंजाबच्या एका प्रकरणात बंद केली आहे.

तिसरं वाक्य सगळ्यात जास्त फिरतं, कारण त्यात आकडा आहे आणि आकडा बरोबरही आहे. एका विधानसभेची सलग पाच वर्षं मुख्यमंत्रीपदी राहिलेले दोघेच: वसंतराव नाईक, १९६७ ते १९७२, आणि देवेंद्र फडणवीस, २०१४ ते २०१९. चूक आहे ती त्यामागच्या समजुतीत. पाच वर्षांची मुदत कलम १७२ विधानसभेला देतं. मुख्यमंत्र्याला मुदतच दिलेली नाही. सभागृहाचा विश्वास आहे तोवर तो आहे. मग ते तीन दिवस असोत किंवा अकरा वर्षं. नाईक ५ डिसेंबर १९६३ पासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. २०१९ ला निवडलेल्या एकाच विधानसभेने, त्याच २८८ जागांच्या सभागृहाने, आपल्या काळात फडणवीस, ठाकरे आणि एकनाथ शिंदे असे तीन मुख्यमंत्री पाहिले. १९६२ च्या विधानसभेने चार पाहिले होते.

आणि मध्येच गेलेले सगळे नापास? यशवंतराव नोव्हेंबर १९६२ मध्ये गेले, कारण चीनच्या आक्रमणानंतर कृष्ण मेनन यांच्या जागी देशाला संरक्षणमंत्री हवा होता. मारोतराव कन्नमवार पदावर असतानाच वारले. सुशीलकुमार शिंदे यांच्या नेतृत्वाखाली आघाडीने २००४ ची निवडणूक जिंकली आणि तरीही नंतर शपथ घेतली विलासराव देशमुखांनी. अंतुले उच्च न्यायालयाच्या निकालानंतर पायउतार झाले, हे खरं; पण त्यांच्याच दीड वर्षाच्या काळात सुरू झालेली संजय गांधी निराधार योजना आजही चालू आहे. या सगळ्यांना एकाच तागडीत कसं तोलणार?

माझ्या मुलांना मी यासाठी पगाराची स्लिप दाखवते. महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्याच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो: महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा कर १९७५ च्या कायद्याने आला, रोजगार हमीला पैसा उभा राहावा म्हणून. रोजगार हमीचं काम १९७२ च्या दुष्काळात विस्तारलं तेव्हा मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. व्यवसाय कर आला तेव्हा शंकरराव चव्हाण. हमीचा कायदा विधिमंडळात १९७७ मध्ये मंजूर झाला तेव्हा वसंतदादा पाटील, आणि २६ जानेवारी १९७९ ला तो अमलात आला तेव्हा शरद पवार. या चौघांपैकी वसंतदादांकडून पवारांकडे सत्ता गेली तो बदल तर आजही मराठी माणूस दबक्या आवाजात सांगतो. तरी काम पुढे गेलं, कारण ते विधिमंडळाने केलेल्या कायद्यावर उभं होतं, एका माणसाच्या मुदतीवर नव्हे.

वारंवार बदल चांगला, असं माझं म्हणणं नाही. जानेवारी १९८२ ते जून १९८८ या साडेसहा वर्षांत खुर्चीवरचा माणूस पाच वेळा बदलला आणि त्यातले बहुतेक निर्णय मुंबईऐवजी दिल्लीत झाले. त्याचा मला आजही राग येतो. पण तो राग सभागृहाला डावलल्याचा आहे. पाच वर्षं भरली नाहीत याचा नाही.

उपमुख्यमंत्र्याचा मुद्दा लवकर संपतो. कलम १६३ आणि १६४ वाचा, तिथे मुख्यमंत्री आहे आणि इतर मंत्री आहेत. ‘उपमुख्यमंत्री’ हा शब्दच नाही. तिसऱ्या अनुसूचीतल्या शपथेच्या नमुन्यात तर फक्त ‘मंत्री’ आहे. महाराष्ट्रात हे पद १९७८ मध्ये दोन काँग्रेसच्या जोडसरकारात आलं आणि नासिकराव तिरपुडे पहिले उपमुख्यमंत्री झाले. म्हणजे त्याची गरज आघाडीच्या राजकारणातून निर्माण झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटलं, की उपमुख्यमंत्री हा मंत्रीच असतो, त्या नावाने घटनेचा भंग होत नाही आणि जादा अधिकारही मिळत नाही. आपोआप बढतीचं म्हणाल, तर डिसेंबर २००८ मध्ये विलासराव गेले तेव्हा उपमुख्यमंत्री आर. आर. पाटीलही पायउतार झाले आणि मुख्यमंत्री झाले अशोक चव्हाण. जुलै २०२३ पासून तर एकाच वेळी दोन उपमुख्यमंत्री होते. आपोआप व्हायचं तर दोघांपैकी कोणी व्हायचं? २४ नोव्हेंबर १९६३ ला कन्नमवार गेले तेव्हा उपमुख्यमंत्री नव्हताच. दुसऱ्याच दिवशी परशुराम कृष्णाजी सावंत यांच्याकडे कारभार आला, दहाएक दिवसांत पक्षाने नेता निवडला आणि नाईकांनी शपथ घेतली. राज्य एक दिवसही अडलं नाही.

राहिले राज्यपाल. ‘राज्यपालांची मर्जी असेपर्यंत मंत्री पद धारण करतील’ असं घटनेत आहे, आणि निरोप लिहिणाऱ्याने तेवढंच वाचलेलं दिसतं. त्याच कलमात पुढे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे असंही लिहिलं आहे. बहुमत आहे तोवर मर्जी काढून घेता येत नाही, आणि बहुमत आहे की नाही हे राजभवनात मोजायचं नसतं, सभागृहात मोजायचं असतं. हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या बोम्मई निकालात सांगितलं. फेब्रुवारी १९९८ मध्ये उत्तर प्रदेशात राज्यपालांनी कल्याण सिंग यांना काढून जगदंबिका पाल यांना शपथ दिली. उच्च न्यायालयाने दोन दिवसांत कल्याण सिंग यांना परत बसवलं आणि सभागृहात मतं मोजली गेली तेव्हा ती कल्याण सिंग यांच्या बाजूने निघाली.

आपल्याकडेही, फडणवीसांच्या २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटेच्या शपथविधीनंतर सर्वोच्च न्यायालय रविवारी बसलं आणि मंगळवारी आदेश आला: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत खुलं मतदान घ्या, त्याचं थेट प्रक्षेपण करा. मतदानाची वेळच आली नाही, त्या मंगळवारीच फडणवीसांचा राजीनामा झाला.

आणि ज्यांना वाटतं की राज्यपालांनी बोलावलं म्हणजे सगळं संपलं, त्यांनी ११ मे २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल वाचावा. जून २०२२ मध्ये राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली, त्यासाठी त्यांच्याकडे पुरेसा आधार नव्हता, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. तरीही ठाकरे यांचं सरकार परत आणता आलं नाही, कारण चाचणीला सामोरं न जाताच त्यांनी आदल्या रात्री राजीनामा दिला होता.