तुळस आणि पाच फूट

आमच्या घराचा विमा गेला तो एका फोटोमुळे. कंपनीनं तो वरून, आकाशातून काढला होता. छपरावर पाइनच्या वाळक्या सुयांचा थर दिसत होता, वणव्यात सहज पेटणारा. आम्ही छपराखाली राहत असल्यामुळे तो कधी पाहिलेला नव्हता.

कॅलिफोर्नियातल्या डोंगरउतारावरचा झिपकोड, म्हणजे इथला पिनकोड, सांगितला की बाकीच्या कंपन्यांचे फोन नम्रपणे बंद होतात. उरतो तो फेअर प्लॅन, म्हणजे शेवटचा पर्याय म्हणून मिळणारा आगीचा विमा. शहरांतल्या दंगलींनंतर काही वस्त्यांना कुणी विमा देईना, म्हणून १९६८ मध्ये ही सोय झाली. आता त्याच रांगेत वणव्याच्या पट्ट्यातले आम्ही. गंमत म्हणजे हा प्लॅन सरकार चालवत नाही, राज्यातल्या विमा कंपन्याच मिळून चालवतात. म्हणजे एकेकट्या भेटल्या की "नाही" म्हणतात आणि घोळक्यानं आल्या की "हो", फक्त हप्ता वाढवून.

इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावर आईनं पहिला प्रश्न केला, "काय केलंस तू?"

विम्याचा तो माणूस आला मोजायची टेप घेऊन. हप्त्यात सवलत हवी असेल तर भिंतीपासून पाच फुटांत पेटणारं काही नको, म्हणाला. त्या पाच फुटांत आमचा सगळा संसार होता: काथ्याचं पायपुसणं, लाकडी झोपाळा, माळ्यानं हौसेनं पसरलेला सालींचा भुसा, घराला चिकटलेलं कुंपण. वणव्याच्या ठिणग्या मैलभर उडत येतात आणि झरोक्यातून पोटमाळ्यावर शिरतात, म्हणून तो जाळीची भोकंही बघत बसला. एक अष्टमांश इंचाहून मोठी नकोत. मग दाराशी थबकला.

"हे झुडूप?"

"तुळस आहे ती," आई मराठीत म्हणाली. "रोज पाणी घालते मी. ती कशी पेटेल?"

मी भाषांतर केलं. त्यानं टेप लावली. तुळस अंगणाच्या मधोमध गेली. पूर्वी भिंतीमुळे अर्धीच प्रदक्षिणा व्हायची, आता पूर्ण होते, म्हणून आई त्या माणसाला भला म्हणते. झोपाळ्याबद्दल माझं मत वेगळं आहे.

पॉलिसी आली. आग, वीज, धूर, घरातला स्फोट, एवढंच त्यात. चोरी झाली, पाइप फुटला तर त्यासाठी दुसऱ्या कंपनीची वेगळी पॉलिसी. तिचाही माणूस घर बघायला येणार आहे. त्याला आगीशी देणंघेणं नाही. त्याला पाण्याची भीती वाटते.