नाव टाकलं तर विमानात बसू देत नाहीत म्हणे! असं काही नाहीये

चार दिवसांपासून आमच्या अमळनेरच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, की एअरपोर्टवर सिक्युरिटीवाल्यांनी त्रास दिला तर नाव न टाकता तक्रार करा, कारवाई होतेच, नाव टाकलं तर नो-फ्लाय लिस्टमध्ये (विमानात बसायला बंदी असलेल्यांच्या यादीत) जाल, आणि ते लोक एअरलाईनचे असतात म्हणून तक्रार तिकडेच करा. भाऊ, तिन्ही गोष्टी चूक आहेत.

नो-फ्लाय लिस्टचं आधी, कारण सगळी भीती तिचीच आहे. हे नियम डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१७ ला आणले ते दंगा करणाऱ्या प्रवाशांसाठी. शिवीगाळ केली तर ३ महिन्यांपर्यंत बंदी, अंगावर गेलं तर ६ महिन्यांपर्यंत, जीवाला धोका होईल असं काही केलं तर २ वर्षं किंवा जास्त. आणि तेही एअरलाईनची कमिटी ठरवते, तिचे अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश असतात. तक्रार केली म्हणून नाव टाकायचं असं त्यात कुठेच नाही.

माझ्या मावशीच्या गुडघ्यात धातूचा सांधा बसवलेला आहे, मशीन दरवेळी वाजतं. मागे एका मोठ्या एअरपोर्टवर तिला सगळ्यांसमोर लुगडं वर करायला लावलं, पडद्याआड नेलंच नाही, ती नुसती म्हणत राहिली, 'माले दुखस वं बाई'. घरी आल्यावर तक्रार लिहायला बसलो तर म्हणाली, 'मनं नाव नको टाकजो'. हाच मेसेज तिने कुठेतरी ऐकलेला! खूप वाईट वाटलं मला.

एअरलाईनचं म्हणाल तर मोठ्या एअरपोर्टवर झडती घेतात ते सीआयएसएफचे (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे) जवान, म्हणजे केंद्राच्या गृह मंत्रालयाखालचे. २०२१ ला अभिनेत्री-नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी कृत्रिम पाय दरवेळी काढायला लावतात म्हणून व्हिडिओ टाकला तेव्हा माफी सीआयएसएफनेच मागितली होती, एअरलाईनने नाही.

आता निनावी. केंद्र सरकारचा नियम असा आहे की निनावी किंवा खोट्या नावाच्या तक्रारीवर कारवाई करायची नाही, ती नुसती फाईल होते. म्हणजे मेसेज ऐकून चिठ्ठी टाकणाऱ्याचं पत्र तिथेच संपतं. पण नाव गुप्त ठेवायची सोय आहे, ती वेगळी. पैसे मागितले, पदाचा गैरवापर केला असं असेल तर दिल्लीच्या केंद्रीय दक्षता आयोगाला बंद पाकिटात पत्र पाठवायचं, पाकिटावर पीआयडीपीआय (PIDPI, तक्रारदाराची ओळख जपणाऱ्या योजनेचं नाव) ही अक्षरं इंग्रजीत लिहायची, स्वतःचं नाव पाकिटावर अजिबात नाही, आतल्या पत्रात मात्र लिहायचंच. हे २००४ पासून आहे. पोच येत नाही, तीही मुद्दामच, ओळख फुटू नये म्हणून.

उद्धट बोलणं, झडतीतला त्रास यासाठी सीपीग्राम्स (CPGRAMS, केंद्र सरकारचं तक्रारींचं पोर्टल) किंवा एअरसेवा (AirSewa, विमान प्रवाशांच्या तक्रारींचं सरकारी पोर्टल), तिथे नाव-मोबाईल द्यावाच लागतो. सोबत तारीख, वेळ, टर्मिनल, कितव्या लाईनीत होतात ते आणि छातीवरच्या पट्टीवरचं नाव. सीसीटीव्हीचं फुटेज कायम ठेवत नाहीत, त्यामुळे गावी पोचून पंधरा दिवसांनी नको, परतीच्या गाडीत बसल्या बसल्याच लिहा.