नागपूर सोडलं म्हणून नाव झालं?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज माझ्या फोनवर चार ठिकाणांहून आला. शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, नाटकवाल्यांचा ग्रुप आणि शेवटी घरच्या ग्रुपवर बंडूदादाकडून. बंडूदादा माझा मामेभाऊ. वीस वर्षांपासून पुण्याला वाकडमध्ये राहतो आणि दर दिवाळीला इथे येऊन, तर्री-पोह्यांची दुसरी प्लेट मागवता मागवता, 'नागपूरचं काही खरं नाही' असं सांगतो. मेसेजच्या डोक्यावर लिहिलंय 'कटू पण सत्य'. असल्या मजकुरात कटू हमखास असतं, सत्याचं तेवढं तपासून घ्यावं लागतं.

मजकूर थोडक्यात असा. नागपुरात टॅलेंट उगवतं, पण फळ धरत नाही. एक, राजकुमार हिरानी मुंबईला गेला म्हणून हिरानी झाला. दोन, इथे राहिलेले लेखक मास्तर आणि कारकून म्हणूनच रिटायर झाले. तीन, मुंबई-पुण्याच्या मैदानावर घाम गाळल्याशिवाय खेळाडूला इंडियाची कॅप मिळत नाही. चार, म्हणून लेकरांना दहावी झाली की बाहेर काढा. खाली जोडलेले हात.

दादाने तो माझ्या पुतणीला उद्देशून टाकला होता. मुक्ता यंदा बारावीत आहे, एकांकिका लिहिते आणि पोरापोरींना गोळा करून बसवतेही. तिच्या बापाने अंगठा दाखवून विषय मिटवला. मला मात्र रात्री झोप येईना.

क्रम मोडून दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण राग त्याचाच जास्त आला.

मास्तर म्हणून रिटायर झाले, हे अगदी खरं आहे. महेश एलकुंचवारांनी नागपुरात इंग्रजी शिकवलं आणि प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाले. पण वर्ग सांभाळून मधल्या काळात काय केलं तेही बघा. १९६७ मध्ये त्यांची 'सुलतान' ही एकांकिका मुंबईच्या 'सत्यकथे'त छापून आली, ती विजया मेहतांच्या नजरेत भरली आणि मुंबईच्या रंगभूमीने या नागपूरच्या मास्तरांचा पत्ता शोधला. १९८४ या एका वर्षात त्यांच्या दोन नाटकांवर दोन हिंदी सिनेमे आले, एक केतन मेहतांचा, एक गोविंद निहलानींचा. १९८५ मध्ये 'वाडा चिरेबंदी' रंगमंचावर आलं. त्याच वाड्याच्या तिसऱ्या नाटकाला, 'युगान्त'ला, २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आता मला सांगा, त्या वाड्यातली दादी, ती वहिनी, ते वऱ्हाडी बोलणं, तो पडका दिंडी-दरवाजा एलकुंचवारांना वाकडमध्ये कुठे सापडला असता? (दादा, हे तुला नाही. बरं, तुलाच आहे.)

कवी ग्रेस घ्या. जन्म १९३७ चा, नागपुरातला. मराठी शिकवलं तेही नागपुरातच. २०११ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तोवर मराठी कवितेच्या दोन पिढ्या त्यांच्यावरून भांडून झाल्या होत्या. पुण्याला गेले ते शेवटच्या आजारपणात.

आशा बगे तर ना मास्तर, ना कारकून. नागपुरात राहून कथा-कादंबऱ्या लिहीत राहिल्या. 'भूमी'ला २००६ चा साहित्य अकादमी आणि पुढे २०२३ चा जनस्थान पुरस्कार. मेसेज लिहिणाऱ्याने त्यांचं नाव ऐकलंच नसावं. त्याच्या यादीत एकही बाई नाही, हे माझ्या लक्षात दुसऱ्या वाचनात आलं.

आणि गंमत मुक्तिबोध भावांची. थोरले गजानन माधव, हिंदीतले. जवळजवळ दहा वर्षं नागपुरात काढली, नोकऱ्या केल्या, वर्तमानपत्री मजकूर लिहिला, आणि १९५८ मध्ये नागपूर सोडलं. गेले कुठे? दिल्ली? मुंबई? राजनांदगावला! नागपूरहून लहान गावी, कॉलेजात शिकवायला. तिथे त्यांच्या हातून मोठं लिखाण झालं, आणि पहिला कवितासंग्रह छापून आला तो १९६४ मध्ये, ते गेल्यावर. धाकटे शरच्चंद्र मराठीतले. ते नागपुरातच राहिले, शिकवत राहिले, आणि १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. एका घरातले दोन भाऊ, एक गेला, एक राहिला. या दोघांवरून 'गेलं की नाव होतं' हा नियम कसा काढायचा ते मला कुणी समजावून द्यावं.

एक गोष्ट कबूल करते. प्रकाशक मुंबईचे होते. एलकुंचवार आणि आशाताई मौजेकडे, ग्रेस पॉप्युलरकडे. नागपुरात तसं प्रकाशनगृह उभं राहिलं नाही, ही आपली उणीव आहे आणि ती मेसेजवाल्याने लिहिली असती तर मी मुकाट्याने मान डोलावली असती. पण हस्तलिखित टपालाने गेलं, लेखक घरीच राहिला.

आता पहिला मुद्दा, हिरानींचा. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. हिरानी गेले, आणि जायलाच हवं होतं. कागद-पेन कुठेही मिळतं. कॅमेरा, एडिटिंगचं टेबल, पैसे लावणारा माणूस, हे सगळं एका ठिकाणी लागतं आणि ते ठिकाण नागपूर नव्हतं. आजही नाही. पण 'गेला म्हणून झाला' म्हणणाऱ्याने मधली वर्षं मोजली आहेत का? फाळणीत सिंधमधून आलेलं कुटुंब, वडिलांची नागपुरात टायपिंगची इन्स्टिट्यूट. मुलगा कॉमर्स शिकला, कॉलेजच्या वयात इथेच नाटकं केली. मग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये एडिटिंग. मग मुंबईत वर्षानुवर्षं जाहिराती, प्रोमो, दुसऱ्यांच्या सिनेमांचं एडिटिंग. पहिला सिनेमा आला २००३ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. आणि तो कशावर? मेडिकल कॉलेजवर, ज्याची बीजं नागपुरात डॉक्टरकी शिकणाऱ्या मित्रांच्या गप्पांत होती.

टायपिंग इन्स्टिट्यूट म्हणजे काय हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. मीही एका इन्स्टिट्यूटमध्ये जात असे, सीताबर्डीवर, जिन्याने वर. ओळीने मांडलेली रेमिंग्टनची धुडं, प्रत्येकाची रिबन वेगळ्या जागी फाटलेली. चूक झाली की खोडायची सोय नाही, अख्खं पान पुन्हा. सर टेबलाशी बसून कान देऊन असायचे. न बघता, नुसत्या आवाजावरून कुणाची लय चुकली ते सांगायचे. अशा घरात वाढलेला मुलगा पुढे एडिटर होतो, याचं मला फारसं नवल वाटत नाही. हा माझा तर्क आहे, पुरावा म्हणून देत नाही.

सिनेमाचं उलटं टोकही आहे, ते मेसेजमध्ये नाही. वीरा साथीदार. चळवळीतला माणूस, 'विद्रोही' मासिकाचा संपादक, मुक्काम नागपूर. मुंबईच्या चैतन्य ताम्हाणेला 'कोर्ट'साठी लोकशाहीर हवा होता, तो त्याला नागपुरात सापडला. सिनेमाला २०१४ मध्ये व्हेनिसला बक्षीस, मग उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, २०१५ मध्ये ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका. एवढं झाल्यावर माणूस मुंबईला घर बघतो. साथीदार नागपुरातच राहिले, मोर्चांना-सभांना जात राहिले. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले, तेही याच शहरात. त्यांना 'फळ धरलं नाही' म्हणायचं असेल तर फळ म्हणजे काय ते आधी ठरवावं लागेल. आणि 'झुंड'मधली फुटबॉल खेळणारी पोरं? नागपूरच्याच वस्त्यांतली. त्यातल्या अंकुश गेडामला पदार्पणाचं फिल्मफेअर मिळालं.

तिसरा मुद्दा खेळाडूंचा. यात मेसेज तीस वर्षं जुना आहे. प्रशांत वैद्य नागपूरचा, नव्वदच्या दशकात भारताकडून वनडे खेळला तेव्हा तो बंगालकडून रणजी खेळत होता. तेव्हा विदर्भाच्या टोपीकडे कुणी बघत नव्हतं. विदर्भ १९५७ पासून रणजी खेळतोय, आणि विदर्भाचा पहिला कसोटीपटू कधी झाला? नोव्हेंबर २०११. उमेश यादव. वडील वलनीच्या कोळसा खाणीत कामाला. पोलीसभरतीचा प्रयत्न करून झालेला. विशीपर्यंत टेनिस बॉलवर खेळलेला. २००८ मध्ये विदर्भाकडून पहिला रणजी सामना आणि तीन वर्षांत कसोटी. २०१५ च्या वर्ल्डकपमध्ये भारताच्या सगळ्यात जास्त विकेट त्याच्या, १८. मुंबई-पुण्याचं कुठलं मैदान यात आलं?

त्यानंतर वारं फिरलंच. विदर्भाने २०१७-१८ ची रणजी जिंकली, २०१८-१९ ची जिंकली, २०२४-२५ ची जिंकली. पहिल्या दोन वेळचा कोच मुंबईचा चंद्रकांत पंडित, भरवशाचा बॅट्समन मुंबईचा वसीम जाफर. म्हणजे मुंबईची माणसं नागपूरला आली! (दादा, नोंद घे.)

तिसरी फायनल मी बघितली. २ मार्च २०२५, रविवार, नागपूरचं जामठा स्टेडियम. सामना अनिर्णित होणार हे सकाळपासून माहीत होतं. पहिल्या डावात विदर्भ ३७ धावांनी पुढे, बस तेवढ्यावर कप. तरी लोक डबे घेऊन आले होते. माझ्या शेजारचे काका संत्री सोलून फोडी अनोळखी लोकांत वाटत होते आणि दर ओव्हरला 'अजून एक तास खेळून काढा राजेहो' म्हणत होते, जणू पॅडही तेच बांधून बसलेत. मैदानावरचा हिशोब बघा. विदर्भाकडून दुसऱ्या डावात शतक कुणाचं? करुण नायरचं, कर्नाटकचा. स्वतःच्या राज्याच्या संघातून बाहेर पडल्यावर तो इथे आला, इथे धावांचा ढीग घातला आणि त्याच वर्षी इंग्लंडला भारताच्या कसोटी संघात परतला. समोर केरळकडून पहिल्या डावात ७९ कुणाचे? आदित्य सरवटेचे, जो नागपूरचा, ज्याने आधीचे दोन कप विदर्भाला जिंकून दिले होते. एक आला, एक गेला. आणि पहिल्या डावात १५३ काढणारा दानिश मालेवार आपल्याच गल्लीबोळातला. त्या मोसमात ६९ विकेट घेऊन रणजीचा विक्रम करणारा हर्ष दुबेही विदर्भाचाच.

क्रिकेट सोडून बघितलं तर मेसेज आणखीच लंगडा पडतो. बुद्धिबळातली दिव्या देशमुख, जन्म २००५, नागपूर. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकली. गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म, म्हणजे किताबासाठी स्पर्धांतून मिळवायची पात्रता, नव्हता. कप जिंकला आणि थेट किताबच मिळाला, भारताची ८८ वी ग्रँडमास्टर. रौनक साधवानी २०१९ मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, तोही इथलाच.

पण मी नागपूरचा झेंडा घेऊन नाचत नाहीये. बाहेर जावं लागलेले खेळाडू आहेतच. तिरंदाज ओजस देवतळे नागपूरचा. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला विश्वविजेता झाला, फायनलमध्ये १५० पैकी १५०. त्याने शहर सोडलं होतं. पण गेला कुठे? साताऱ्याला. तिथे हवा तो कोच होता म्हणून. बॅडमिंटनमध्ये, दिल्लीत सायना नेहवालला हरवणारी मालविका बनसोड सरावासाठी रायपूरला गेली. यातलं कुणी मोठ्या शहरामागे गेलं नाही, शिकवणाऱ्या माणसामागे गेलं. मेसेज लिहिणाऱ्याने नकाशा बघितला, कोच बघितला नाही.

राहिला चौथा मुद्दा, दहावीनंतर पोरं बाहेर काढा. तो बाकीच्या तिघांच्या खांद्यावर उभा होता, त्यामुळे त्याला वेगळं ढकलायची गरज नाही. फक्त मुक्तापुरतं बोलते. मी तिला सरळ विचारलं, तुला काय अडतंय? मला वाटलं ती पुण्याच्या स्पर्धांचं नाव घेईल. तिने यादी सांगितली: तालमीला जागा नाही, लाइट शिकवणारं कुणी नाही, मे महिन्यात दुपारी कुणी येत नाही. सध्या एका ओळखीच्यांच्या बंद पडलेल्या क्लासची खोली मिळालीय. मी बघून आले. बेंच भिंतीला लावलेले, खडूने आखलेला रंगमंच, खिडकीत एक जुना डेझर्ट कूलर. बाहेर ४४ अंश. कूलरचा पंखा फिरतोय, पण पंप जळालेला, गवत कोरडं ठणठणीत. आत नुसती झळ येते. एक पोरगा दर दहा मिनिटांनी मग्गा घेऊन उठतो आणि बाहेरून गवतावर पाणी मारतो. नाटकात त्याची भूमिका आहे, तरी त्याचं हे काम सुटत नाही. त्याच्या एन्ट्रीला मुक्ता स्वतः मग्गा घेते.

हे सगळं मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, याच क्रमाने, एलकुंचवारांपासून कूलरपर्यंत. दादाने दोन दिवस काही उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताच्या खात्यावर पंधराशे रुपये आले आणि खाली एक ओळ: 'पंप चांगला घ्या, आणि गवतही बदला, जुन्याला वास येतो.'