‘निर्भीड’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

निर्भीड,

पूर्व प्रशियातल्या श्टाइनोर्टचा युंकर, म्हणजे बडा जमीनदार, आणि हिटलरविरुद्धच्या कटात फाशी गेलेला लेनडोर्फ याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “जमीनदारांची आरती ओवाळणं बंद करा. युद्ध हरायला लागल्यावरच या सरंजामदारांना हिटलर वाईट दिसू लागला. तोवर रिबेनट्रॉपला घरात ठेवून घेतलाच होता ना? आणि 1933 आधी हे युंकर कुणाच्या मागे होते?” शिवाय लेख पाल्हाळिक असल्याचा शेरा. तेवढा शेरा मान्य. सरोवराचं वर्णन जरा लांबलंच.

पण ‘आरती ओवाळणं’? ही काय बोलायची रीत झाली? माझे आजोबा कूळ होते. कूळकायदा आला तेव्हा कुठे कसत होते ती जमीन नावावर लागली. तोवर खंड घालायला गेले की मालकाच्या ओट्याखाली उभं राहायचं. जमीनदार म्हणजे काय, हे त्यांच्या नातवाला टोपणनावाआडून कुणी शिकवू नये.

आता ते ‘हरायला लागल्यावरच’. हाइनरिश फॉन लेनडोर्फ फील्डमार्शल बॉकच्या हाताखाली अधिकारी होता. ऑक्टोबर 1941 मध्ये बेलारूसमधल्या बोरिसोवला हजारो ज्यूंची कत्तल झाली, ती त्याने पाहिली, आणि मग तो ट्रेस्को या लष्करी अधिकाऱ्याच्या हिटलरविरुद्धच्या कटात शिरला. ऑक्टोबर 1941! तेव्हा जर्मन फौजा मॉस्कोवर चालून निघाल्या होत्या. स्टालिनग्राडला त्यांनी हत्यारं टाकली ती फेब्रुवारी 1943 मध्ये. सनावळी बघायला दोन मिनिटं लागतात हो.

रिबेनट्रॉपला ‘ठेवून घेतला’ म्हणे! हिटलरचं मुख्यालय जवळच, रास्टेनबुर्गला. त्याच्या परराष्ट्रमंत्र्याने, म्हणजे रिबेनट्रॉपने, सोयीचा म्हणून लेनडोर्फच्या श्टाइनोर्टच्या वाड्याचा एक भाग बळकावला. तुम्ही असतात तर ‘जागा शिल्लक नाही’ अशी पाटी लावली असतीत का? त्याच छपराखाली मालक हिटलरविरुद्धच्या कटात होता. कट फसल्यावर, 21 जुलै 1944 ला, गेस्टापो दारात आली तेव्हा खिडकीतून उडी टाकून तो जंगलात पळाला. शेवटी शरण गेला, बर्लिनमध्ये पुन्हा निसटला, पुन्हा पकडला गेला. 4 सप्टेंबरला प्लॉट्झेनझेच्या तुरुंगात फाशी. वय 35. चौथी मुलगी जन्मली ती आई कैदेत असताना. संधिसाधू म्हणायचं तर म्हणा. संधी मात्र भलतीच महागात पडली.

1933 आधीचे युंकर हा वेगळा विषय, त्यात मी इथे शिरत नाही.

बोरिसोव मूळ लेखातही होतं. पण पहिल्या दोन परिच्छेदांतच तुम्हाला राग आला असेल, तर तिथवर पोचणार कसे? पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावाने द्या, जशीच्या तशी ठेवीन.