बुधवारचं अंडं

आमच्या घरात अंडं शिजत नाही. वडील माळकरी, आषाढीची पायी वारी अजून चुकवत नाहीत. तरी ही पोस्ट अंड्याच्या बाजूनं आहे. वडिलांना वाचून दाखवली, "लिही की" म्हणाले.

दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत मी व्यवस्थापन समितीवर आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्याला केळं. अंड्यामागं ५ रुपये. आमच्याकडं बुधवार ठरला. माझी पोरगी केळं खायची, तिला खेटून बसलेली मैत्रीण अंडं. दोघींचाही धर्म शाबूत राहिला. एरवी खिचडीला नाक मुरडणारी पोरं बुधवारी ताट घेऊन सगळ्यात आधी रांगेत.

जानेवारी २०२५ मध्ये हा निधी बंद झाला. अंडं द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या, असा आदेश आला. साखरेचंही तेच. साखर! ज्या जिल्ह्यात हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकून आपला अर्धा जन्म जातो, तिथल्या पोरांच्या खिरीला साखर गावानं गोळा करायची.

आता हिशोब बघा. पहिली ते पाचवीच्या एका पोरामागं रोजचा खर्च मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे. तांदूळ वेगळा मिळतो, पण डाळ, भाजी, तेल, मसाला, गॅस सगळं यातच. दुकानात एक अंडं सात रुपयांच्या आसपास. मुख्याध्यापकानं यातून अंडं काढून दाखवावं, मी त्यांचा सत्कार करीन. बरं, योजनेनुसार या वयाच्या पोराला जेवणातून १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. त्यातली सहा एका अंड्यात असतात.

मग आम्ही वर्गणी मागितली. एका बागायतदारानं वाढदिवसाला सगळ्या शाळेला अंडी दिली. माणूस मनानं चांगला, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण सोबत फ्लेक्स आला, फोटो झाले, पोरांना हात जोडून उभं केलं. पुढच्या बुधवारी दुसरीतल्या एकानं मला विचारलं, "काका, आज कुणाचा वाढदिवस?" मला उत्तर सुचलं नाही. जे पोराच्या हक्काचं होतं ते कुणाच्या तरी मेहेरबानीचं झालं, आणि ते त्याला आमच्या समितीतल्या काही जणांच्या आधी कळलं. शिवाय बागायतदार नसलेल्या गावांनी काय करायचं? जिथं पोरांना अंड्याची गरज जास्त, तिथंच वर्गणी द्यायला कुणी नाही.

टाकळीचा भीमेवरचा पूल ओलांडला की धूळखेड. कर्नाटक. तिथल्या सरकारी शाळेत आठवड्याला सहा अंडी ठरलेली आहेत, नको असेल त्याला केळं. विरोध तिथंही झाला, मठाधीशांनी केला. विजयपूरसह सात जिल्ह्यांत २०२१ च्या डिसेंबरात सुरुवात झाली, मग राज्यभर पसरलं. आता कुणी म्हणेल, सहापैकी चार दिवसांचे पैसे अझीम प्रेमजी फाउंडेशन देतं, म्हणजे तेही दानच. खरंय. पण ते सरकारनं स्वतः करार करून अख्ख्या राज्यासाठी आणलं. हेडमास्तरला पावतीपुस्तक देऊन दारोदार धाडलं नाही.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या १०० पैकी जवळजवळ ६९ पोरांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याआधीच्या पाहणीत ५४ होती. त्या वेळची ती पोरं आज कुठं आहेत? आमच्या शाळेच्या रांगेत, ताट घेऊन. पैसे नाहीत हे कारण ७ लाख कोटींचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या राज्याच्या तोंडून मला पटत नाही. मला वाटतं, कात्री इथं लागली कारण ही पोरं मोर्चा काढत नाहीत.

पुढच्या शनिवारी समितीची बैठक आहे. अंड्यासाठी वर्गणी मागायची नाही, निधी पुन्हा सुरू करा, असा ठराव मी मांडणार आहे. मंजूर झाला तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं देऊ आणि पोच घेऊ. तुमच्यापैकी कुणी समितीवर असाल तर इनबॉक्समध्ये सांगा, मसुदा पाठवतो. अर्धं पान आहे.