मैलाचा दगड वाचवायचाय? मग आधी गाडा

मुंबईत अजून पंधराएक मैलाचे दगड शिल्लक आहेत. खरेखुरे हां, भाषणातले नाहीत, भाषणात तर दर आठवड्याला कुणीतरी एक गाठतंच. हे इंग्रजांनी रस्त्याकडेला रोवलेले काळे दगड, सगळं अंतर मोजलेलं फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून. १७१८ सालचं चर्च, त्याच्यावरनं चर्चगेट (ते गेट १८६० नंतर तटबंदीबरोबर पाडलं, आता फक्त लोकलच्या इंडिकेटरवर दिसतं). दादरला चित्रा टॉकीजपाशी सहावा मैल. टॉकीज २०१९ला बंद पडलं, दगड आहे.

आता असा एखादा दगड तुमच्या बिल्डिंगसमोर सापडला आणि तुम्हाला त्याचं जतन वगैरे करायची हुक्की आली, तर पहिलं म्हणजे काहीच करू नका. फुटपाथच्या कंत्राटदारावर सोडा. तो जुनी फरशी काढत बसत नाही, तिच्यावरच खडी टाकून पेव्हर ब्लॉक ठोकतो, की दगड चार बोटं खाली. पुढच्या वर्षी परत चार बोटं. असं करत करत कितीतरी दगड गळ्यापर्यंत गेले होते, नुसती टाळकी वर, त्यावर पानाची पिचकारी आणि कटिंगचा रिकामा ग्लास. आणि जमिनीखाली गेलेल्या दगडाला ना टेम्पोवाला धडकतो ना कोणी ऑइलपेंट फासतो! एवढी सोय असताना पालिकेच्या हेरिटेजवाल्यांनी त्यातले काही उकरून, धुवूनपुसून परत उभे केले, आता काय बोलणार.

रीडेव्हलपमेंट आलं असेल तर मात्र सांभाळा, बिल्डरला तो दगड वाचता येणार नाही याची काळजी घ्या. कारण दगडावर लिहिलंय सहा मैल म्हणजे साडेनऊ किलोमीटरच्या वर, त्यात घासाघीस नाही. आणि ब्रोशरमध्ये फोर्ट असतं वीस मिनिटांवर. कुठली वीस मिनिटं ते विचारायचं नाही, पहाटे चारची असतील. किंवा मग त्यालाच पटवा की मैल जाऊन साठेक वर्षं झाली, आता कोणाला कळतंय, सरळ 'फोर्टपासून फक्त ६' छापा, पुढे काहीच लिहू नका. साडेतीन किलोमीटर तिथल्या तिथे वाचले.

एवढं करूनही धाकधूक वाटत असेल तर शेंदूर. रात्री दीडला जायचं, दोन हात शेंदूर, झेंडूची दोन फुलं, एक रुपयाचं नाणं, आणि गुपचूप येऊन झोपायचं. सकाळी नारळ आलेला असतो, आठवड्यात पत्र्याची शेड, महिन्यात दानपेटी आणि पेटीवरून दोन मंडळांची भांडणं. रस्ता रुंदीकरणवाले आले तरी चपला काढून येतील. आता रोमन आकड्यातला तो सहा शेंदराखाली कायमचा गेला हे खरं, पण म्हसोबा आहे, खंडोबा आहे, एक मैलोबा असला म्हणून काय बिघडलं? देव ताब्याचा ठरवून टाका, फ्लॅटचं पझेशन मिळवून देणारा, रांग लागेल.

मी तर नारळ आणूनपण ठेवलाय. आमचं पझेशन येत्या दिवाळीत आहे, गेल्या तीन दिवाळ्या येत्याच दिवाळीत आहे, आणि नारळाला आता वीतभर कोंब आलाय.