घरातले काम, महापालिका आणि आपला सोयीचा अर्थ

घरातली फरशी बदलायला किंवा स्वयंपाकघराचा ओटा नव्याने घालायला पुणे महापालिकेची परवानगी लागते का, हा प्रश्न दिवाळीच्या तोंडावर सोसायट्यांच्या ग्रुपवर हमखास येतो. लागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ ने इमारतीच्या केवळ आतील भागापुरती, किंवा तिच्या बाह्य स्वरूपात लक्षणीय फरक न पाडणारी देखभालीची, सुधारणेची आणि फेरफाराची कामे परवानगीच्या अटीतून वगळली आहेत. त्यामुळे रंगकाम, गिलावा, फरशी किंवा फॉल्स सीलिंगसाठी सभासदाकडे महापालिकेचा कागद मागणाऱ्या कार्यकारिणीने आधी हे कलम वाचावे.

माझा आक्षेप या सवलतीचा जो सोयीचा अर्थ आपण लावतो त्याला आहे. महापालिका विचारत नाही म्हणजे कोणालाच विचारायला नको, असे धरून मिस्त्रीच्या हाती घर सोपवले जाते. जुनी फरशी न काढता वर सिमेंट-वाळूच्या मालाचा थर आणि नवी टाइल घातली, तर दर चौरस मीटरला १०० किलोच्या आसपास कायमचे वजन वाढू शकते. राहत्या खोलीच्या स्लॅबचा हिशेब करताना माणसे आणि सामान मिळून वापराचा भार चौरस मीटरला साधारण २०० किलोच धरलेला असतो. पेठांमधल्या जुन्या लोड बेअरिंग (म्हणजे भिंतींवरच भार पेललेल्या) इमारतीत हॉल मोठा दिसावा म्हणून पाडलेली भिंत वरच्या मजल्याचे ओझे वाहणारी असू शकते. बाथरूमचा कोबा फोडला की ओल खालच्या बिऱ्हाडाच्या छताला येते, आणि मग भांडण वर्षानुवर्षे चालते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये सदनिकेतील फेरफारांसाठी समितीची लेखी पूर्वपरवानगी सांगितली आहे, ती याच कारणासाठी हवी.

बाहेरच्या बाजूला मात्र आपण बिनधास्त असतो. टेरेसवर पत्र्याची शेड, सामासिक अंतरात (इमारतीभोवती सोडलेल्या मोकळ्या जागेत) काढलेली खोली, बंद करून टाकलेले पार्किंग ही कामे या सवलतीत बसत नाहीत. गच्चीवर पावसाळ्यापुरते आच्छादन घालायलाही तात्पुरती परवानगी घ्यावी लागते (आणि आपल्याकडचा पावसाळा बारमाही असतो, हे शेडकडे पाहून कळते). शनिवारवाड्याच्या परिसरात तर नियम आणखी कडक आहे: संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत जुन्या घराच्या दुरुस्तीसाठीही स्मारकविषयक कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो.

सोसायट्यांच्या अर्जात अनामत रक्कम, कामाच्या वेळा, लिफ्टचा वापर आणि राडारोडा कुठे टाकायचा हे सगळे सविस्तर असते. कोणती भिंत फोडणार, वजन किती वाढणार, वॉटरप्रूफिंग कोण आणि कसे करणार, हे क्वचितच विचारलेले आढळते. त्या अर्जाला आराखड्याचे एक पान आणि भिंत पाडायची असल्यास स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पत्र जोडणे सक्तीचे करावे. अनामत रक्कम निम्मी केली तरी चालेल.